दवाखान्याचं टोपलं

माणूस आवडायला मला वेळ लागतो. देवाजीभाऊ बिसेन तर पहिली दोन वर्षं मला डोळ्यासमोर नको असायचे. मी मूळची नगरकडची. लग्न होऊन गोंदिया जिल्ह्यात आले, गोरेगावहून एस.टी.नं पाऊण तासावरच्या मिशनच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीत बसले, ती केस पांढरे होईपर्यंत तिथंच. सगळा तालुका मला 'दवाईवाली बाई' म्हणतो. माझं खरं नाव इथं चार लोकांनाही ठाऊक नसेल, आणि त्याचं मला काही वाईटही वाटत नाही.

देवाजीभाऊ पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी भर ओपीडीच्या वेळेला व्हरांड्याशी ट्रॅक्टर आणून लावला. धानाची पोती उतरवायला सुरुवात. खोकणारी म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, सगळ्यांना इकडं सरका, तिकडं सरका. धूळ उडून माझ्या बाटल्यांवर बसली. मी खिडकीतून ओरडले, "अहो, हा दवाखाना आहे की राइस मिल?"

गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला लाल गमछा, काडीसारखा उंच माणूस. वळून म्हणाला, "दवाखानाच होय बाई. म्हून तं आणलं."

"कुणाच्या नावानं आहे दान?"

झालं! माणूस असा भडकला की विचारू नका. "दान? दान देवळात देते मानूस. हा वाटा होय, वाटा! रास झाली का लोहाराचा वाटा निघते, सुताराचा निघते, न्हाव्याचा निघते. आमच्या बाया इथं बाळंत होतात, मंग दवाखान्याचा काऊन नाही?"

मला वाटलं, माणूस जरा अर्धवट आहे. नंतर कळलं की ही पद्धत त्यांनीच एकट्यानं चालू केली होती. कापणी-मळणी झाली की ते आसपासच्या गावांतल्या खळ्याखळ्यावर बांबूचं टोपलं घेऊन जायचे. प्रत्येक राशीतून एक टोपलं. ज्याच्याकडं दहा एकर त्याचंही एकच आणि ज्यानं दुसऱ्याचं शेत ठोक्यानं केलंय त्याचंही एकच. ज्याचं पिकलंच नाही त्यानं मूठभर टाकलं तरी देवाजीभाऊ टोपल्यावर गमछा झाकायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, "आलं भरून!" दुसऱ्या कुणाला आत डोकावू द्यायचे नाहीत. त्या धानाचा तांदूळ व्हायचा, आणि आमच्याकडं बाळंत झालेल्या प्रत्येक बाईला घरी जाईपर्यंत दोन वेळ गरम पेज आणि भात मिळायचा, तिच्याबरोबर आलेल्या सासूला किंवा आईलासुद्धा.

हा माणूस त्या काळात स्वतः कधी आजारी पडून आला नाही. पण रोज चारच्या सुमाराला सायकल टेकवून बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर कडुनिंबाखाली बसायचा. आत कधी पाऊल टाकलं नाही. आतून बाळ रडलं की उठायचा, धोतर झटकायचा आणि माझ्या खिडकीशी येऊन विचारायचा, "किती किलोचं?"

"पावणेतीन."

"वा! भरला दाना." आणि ही बातमी घेऊन सरळ बाजारात. मुलाच्या बापाला कळायच्या आधी पानठेल्यावर कळलेलं असायचं. एकदा मी रागावले, म्हटलं, "अहो, लोकांच्या घरची गोष्ट ती, तुम्ही कायले दवंडी पिटता?" इथं राहून 'कायले' माझ्याही तोंडात बसलं होतं. म्हणाले, "वजन सांगतो बाई, जात तं नाही सांगत."

नव्या डॉक्टरची परीक्षा घ्यायची त्यांची स्वतःची एक रीत होती. डिग्री, गाव, अनुभव, काही विचारायचे नाहीत. मेसच्या बाईला विचारायचे, "भात किती खाते?" त्यांचं ठाम मत, की जो डॉक्टर ताटात दोनदा भात घेत नाही तो आमच्याकडं टिकत नाही. आम्ही हसायचो. पण पोळीशिवाय घास न उतरणारे एक गोरेपान सर्जन आले होते, त्यांच्याबद्दल म्हातारा म्हणाला, "होळी पाहत नाही हा." आणि खरंच, संक्रांतीलाच त्यांची पेटी बांधलेली!

आम्ही हसायचो, पण त्यांच्या लेखी ती थट्टा नव्हती. ते मला एका दुपारी कळलं. मी गोळ्या मोजून पुड्या बांधत होते आणि ते खिडकीच्या पायरीवर, सगळ्यात खालच्या, बसले होते. मी सहज म्हटलं, "देवाजीभाऊ, रोज इथं येऊन बसता, घरी कुणी वाट बघत नाही का?"

"कोन पाहनार? पुतण्या आहे, त्याची बायको आहे. माही बायको तं गेली." मग थांबून, मान खाली घालून सांगितलं. "तवा इथं डॉक्टर नव्हता बाई. दोन वर्सं या वॉर्डाले कुलूप होतं. तिच्या पोटात दुखाले लागलं, मी बैलगाडीत घालून इथंच आनलं. मले मालूम होतं कुलूप आहे, तरी आनलं. वाटलं कोनी तं असन. कुलूप हातानं हालवून पाह्यलं. मंग गोंदियाले न्याले निघालो. रस्त्यातच गेली. लेकरू पोटातच राह्यलं."

मी पुडी बांधता बांधता थांबले. त्यांनीच उठून सायकल घेतली. "आता कुलूप नाही लागलं पाह्यजे," एवढं म्हणाले आणि गेले. त्या दिवसापासून मला तो माणूस आवडायला लागला. आवडायला कसला, मी त्यांना मानायलाच लागले. एवढी एकच गोष्ट या माणसाला आयुष्यात हवी होती, की त्या दाराला पुन्हा कुलूप लागू नये. आणि आमच्यासारख्या आडबाजूच्या दवाखान्यात ते फक्त एका गोष्टीवर अवलंबून असतं. बाळंतपणं करणारा डॉक्टर असला तर वॉर्ड उघडा, नसला तर बंद.

लोक बोलायचेच. एका आठवडी बाजारात एकानं त्यांना चारचौघांत अडवलं, "देवाजी, किरिस्तावाच्या दवाखान्याले धान देता, उद्या तुमाले बाटवतील." देवाजीभाऊंनी वांगी पारखता पारखताच उत्तर दिलं, "इतके वर्सं जाऊन राहिलो, मले तं कोनी बाटवलं नाही. आन तुह्या बायकोचं पोट कापून पोरगी काढली, तवा तू डॉक्टरले देव विचारला का बे?" बाजारात हशा पिकला. त्याच माणसाच्या खळ्यावर पुढच्या महिन्यात ते टोपलं घेऊन गेले आणि त्यानं ते भरूनही दिलं.

आता माझी चूक सांगते. सांगितलीच पाहिजे, कारण तिच्याशिवाय हा माणूस पुरता कळायचा नाही.

आमच्याकडं नगरला चर्चमध्ये बाकावर, घड्याळावर, इतकंच काय पंख्याच्या पात्यावरसुद्धा देणाऱ्याचं नाव रंगवलेलं असतं. मला वाटलं, हे गरीब शेतकरी दरवर्षी धान देतात आणि त्यांचं नाव कुठंच नाही! म्हणून मी देवाजीभाऊंच्या पुतण्याला, ट्रॅक्टर चालवणाऱ्या आणि टोपली पोत्यांत रिकामी करणाऱ्या प्रल्हादला, गोड बोलून गेल्या हंगामात कुणाचं किती ते काढून घेतलं. नव्या कापणीच्या तोंडावर पेंटर बोलावला. ओपीडीच्या दाराशी निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत सगळी नावं आणि नावापुढं एक टोपलं, अर्धं टोपलं, मूठभर. वर मोठ्या अक्षरात 'आमचे दाते'. मला काय अभिमान! दोन दिवस येताजाता बघत होते.

त्या हंगामात प्रल्हादचा ट्रॅक्टर आला तो निम्म्याहून रिकामा. मोठ्या शेतकऱ्यांचं धान आलं होतं, बारक्यांपैकी जवळजवळ कुणाचंच नाही. मला कोडंच पडलं. आमच्याकडं तीन बाळंतपणं झालेली कौसल्याबाई खिडकीशी आली, औषध घेतलं आणि माझ्याकडं न बघता गेली.

पाटी लागली तेव्हापासून महिनाभर देवाजीभाऊ गुडघ्याच्या दुखण्यानं घरी होते, टोपलं प्रल्हादच फिरवत होता. ते आले आणि पाटीसमोर उभे राहिले. शाळा चौथीपर्यंत, एकेका अक्षरावर बोट ठेवत त्यांनी सगळी पाटी वाचली. मग विचारलं, "हे कोनं केलं?"

"मी," म्हटलं. "का? चांगलं नाही झालं?"

मला वाटलं आता भडकतील. पण ते रागावले नाहीत, आणि तेच मला फार लागलं. हळू आवाजात म्हणाले, "बाई, मी टोपल्यावर गमछा कायले झाकत होतो? ज्यानं मूठभर देल्लं त्यानंही खळ्यावर मान वर ठेवाव म्हून. तुमी तं त्याची मूठ दवाखान्याच्या दारावर टांगली."

मला रडूच आलं. रंग आणून मी त्याच दिवशी पाटी पुसून घेतली. पण तेवढ्यावर सुटका नव्हती. दुसऱ्या सकाळी ते सायकल घेऊन दारात हजर. "चाला. टोपलं तुमी घ्या."

आठ दिवस मी डोक्यावर टोपलं घेऊन बांधाबांधानं फिरले. चप्पल तुटली, टाचेला फोड आले, ऊन मी म्हणत होतं. कौसल्याबाईच्या खळ्यावर तिच्या सासूनं माझ्याकडं पाठ फिरवली. कौसल्या म्हणाली, "आमच्या नावापुढं अर्धं लिवलं तुमी. बुढीले वाचता येत नाही, शेजारीन वाचून सांगून गेली. दोन दिवस जेवली नाही ते."

मी म्हातारीचे पाय धरले. म्हटलं, "आजी, चुकले मी. मला इथली रीत समजली नाही." म्हातारी वळली नाही. तेव्हा मागून देवाजीभाऊ म्हणाले, "आजी, दवाखाना सोता माफी मागाले आला आहे. लोहार कधी आला होता का?" म्हातारीला हसू फुटलं. ओंजळभर धान माझ्या टोपल्यात पडलं. मी पाहिलं, देवाजीभाऊंनी डोक्यावरचा गमछा काढला होता, पण तो त्यांनी माझ्या हातात दिला. मीच झाकला आणि मीच ओरडले, "आलं भरून!" आवाज फाटला माझा, पण ओरडले.

मग आली हार्वेस्टरं. पंजाबातून येतात, एका दिवसात अख्खं शिवार कापून, झोडपून, धान थेट ट्रॉलीत. खळंच नाही, रास नाही, मग वाटा कुठून निघणार? प्रल्हाद म्हणाला, "काका, आता सोडा. जमाना बदलला." काका म्हणाले, "जमाना बदलला, बायका का यंत्रातून बाळंत होऊन राहिल्या?"

आणि चालत्या हार्वेस्टरसमोर टोपलं घेऊन उभे राहिले! हे मी पाहिलं, कारण त्या दिवशी मीही सोबत होते. वरून सरदारजी ओरडला, "ओ बाबा, हटो! कट जाओगे!"

"नहीं हटता. पहले अस्पताल का हिस्सा निकालो."

"कौन सा अस्पताल?"

"वहाँ बच्चे होते हैं." हिंदी त्यांची तेवढीच, बाकीचं सगळं इथल्या झाडीबोलीत सांगितलं: लोहार, सुतार, न्हावी, कुलूप, बैलगाडी. सरदारजीला किती कळलं देव जाणे. पण त्यानं यंत्र बंद केलं, खाली उतरला, पगडी सारखी केली आणि म्हणाला, "बाबाजी, हमारे यहाँ भी पहले गुरुघर का निकालते हैं. बोलो, कितना?"

"एक टोकरी."

त्यानं यंत्र पुन्हा सुरू करून धान ओतायची नळी टोपल्यावर धरली. आता त्या नळीचा जोर तो! टोपलं उडालं बांधाच्या पलीकडं आणि देवाजीभाऊ गुडघ्यापर्यंत धानात गाडले गेले. धोतर आवरू का धान आवरू, अशी गत. सरदारजी पोट धरून हसत होता आणि म्हातारा त्याच्यावर ओरडत होता, "एकच टोपलं म्हटलं ना बापा! बाकीचं वापस घे!" त्या हंगामात तो सरदारजी जिथं जिथं गेला, तिथं तिथं आधी यंत्र थांबवून विचारायचा, "अस्पताल वाला बाबा आया क्या?"

पण धान कितीही जमलं तरी धानानं बाळंतपण होत नाही. आमच्याकडं त्या काळात डॉक्टर लीना होत्या. केरळच्या. मिशननं शिकवलं म्हणून दोन वर्षांचा बाँड पुरा करायला आलेल्या. चणीनं एवढीशी मुलगी, पण हात असा की अडलेली बाई तिच्या टेबलावर गेली की आम्ही निर्धास्त. त्यांचा बाँड नाताळला संपत होता. घरून आईचे रोज फोन, पुढं शिकायची जागा तयार. त्या गेल्या तर दुसरं कुणी येणार नव्हतं. वरच्या कार्यालयाचं पत्रच आलं होतं, की डॉक्टर नसेल तर बाळंतपणाचा वॉर्ड बंद ठेवावा.

सगळ्यांनी त्यांना विनवून पाहिलं. सुपरिंटेंडेंट झाले, सिस्टर झाल्या, प्रार्थनेत नाव घेऊन झालं. बिचारी मुलगी जेवायला यायचीसुद्धा टाळायला लागली. देवाजीभाऊंचं तेव्हा हृदय थकलं होतं. पाय सुजलेले, चार पावलं टाकली की धाप. डॉक्टर लीनाच त्यांना तपासायच्या आणि ओरडायच्या, "बाबा, चलना नहीं! बैठना!" आणि हे पाठ फिरली की सायकलवर. मी त्यांना म्हटलं, "देवाजीभाऊ, तुम्ही सांगा तिला. तुमच्या बायकोचं सांगा. तुमचं ऐकेल ती."

"नाही सांगनार."

"का पण? तुम्हाला कुलूप चालेल?"

त्यांना धाप लागली. मग म्हणाले, "मेलेल्या बाईचं नाव सांगून जित्या पोरीले बांधू का? दयेनं थांबलेला मानूस दाराकडंच पाहत राह्यते बाई. नाही सांगनार."

मला त्यांचा राग आला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं, ते आता हातानं सोडून देताय? दोन दिवस मी बोलले नाही त्यांच्याशी.

तिसऱ्या दिवशी दुपारी प्रल्हाद जीप घेऊन आला. काकांनी डॉक्टर बाईंना आणि मला शेतावर बोलावलंय. डॉक्टरला वाटलं तब्येत बिघडली. बॅग घेऊन, पांढरा कोट तसाच अंगात, धावत निघाली.

बघतो तर काय, बैलांना तणस, म्हणजे भाताचा पेंढा, लागतं म्हणून देवाजीभाऊंनी धानाची एक बांधी जुन्या पद्धतीनं हातानं कापून मळून घेतली होती. सारवलेल्या खळ्यावर धानाची रास, राशीवर झेंडूचं फूल. बाजूला खाटेवर ते बसलेले, पाय फुगून मडक्यासारखे झालेले. म्हणाले, "दवाखान्याचा वाटा इतके दिवस मी नेऊन देत होतो. यंदा डॉक्टर बाईचा वाटा बाईनं सोता घ्यावा म्हून बलावलं."

डॉक्टरनं विचारलं, तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत, "बाबा, ये घेतला तर काय होते?"

"तर पुढच्या राशीपर्यंत तुमी गावच्या. गावाचा तुमच्यावर हक्क, तुमचा गावावर. खरं सांगून राहिलो, फसवत नाही."

"आणि नाही घेतला तर?"

"तं घरी चाला, जेवा, मंग जा आपल्या आईकडं. आमच्या लई बाया वाचवल्या तुमी. तुमच्याकडं काहीच राह्यलं नाही आमचं. राग नाही बाई, आनभाक घेतो."

ती राशीकडं बघत उभी राहिली. मनात प्रार्थना करायला गेले तर शब्दच सुचेनात. तिनं मला विचारलं, "दीदी, इसे घर भेज सकते हैं क्या? माँ को?" म्हटलं, हो, तुझा वाटा, तू काहीही कर. मग तिनं अंगातला पांढरा कोट काढला आणि दोन्ही हातांनी समोर पसरून धरला.

देवाजीभाऊ खाटेवरून टोपलं ओतायला वाकले. टोपलं त्यांना पेललं नाही, निम्मं धान खाली सांडलं. कोटात पडलं ते अर्धंमुर्धंच. मी पुढं होणार, तेवढ्यात डॉक्टर लीना म्हणाल्या,

"बाबा, टोपलं पुरा नाही भरला. और टाका."

म्हातारा तिच्याकडं बघतच राहिला. मग असा हसला की त्याला धाप लागली. "भर रे प्रल्हाद, भर! बाई हक्कानं मागून राहिली, पाहून काय राहिला!"

त्या आजतागायत आमच्याकडं आहेत. देवाजीभाऊ मात्र त्या दिवसानंतर आठवडाभरच होते. झोपेतच गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच दुपारी, परत निघताना. जीप सुरू झाली आणि मी मागं वळून पाहिलं तर हे महाशय खाटेवरून उतरलेले, तसल्या पायांनी उकिडवे बसून सांडलेलं धान वेचतायत. मी काही म्हणायच्या आत डॉक्टर लीनानं जीपमधून अर्धं अंग बाहेर काढलं आणि बांध दणाणेल असा आवाज दिला, "बाबा! खाटेवर बसा!"

उभ्या जन्मात कुणाचं न ऐकलेला तो माणूस मुठीतलं धान राशीवर टाकून मुकाट्यानं खाटेवर जाऊन बसला.